नाच्याची भूमिका आणि नटाचे नाव : गणपत पाटील ते 'नटरंग'

प्रस्तावना

नट भूमिका करतो आणि पडदा पडल्यावर ती उतरवून ठेवतो, असे आपण गृहीत धरतो. राम साकारणारा राम नसतो आणि खलनायक साकारणारा दुष्ट नसतो, हे अडाणी म्हणविला जाणारा प्रेक्षकही जाणतो. निळू फुले यांना पाहून खेड्यातील स्त्रिया बोटे मोडीत असत, असे सांगतात. परंतु त्यांच्या घरादाराविषयी कोणी संशय घेतला नाही. उलट त्यांच्या सामाजिक कार्याचा महाराष्ट्राने गौरवच केला. मात्र एका विशिष्ट प्रकारच्या भूमिकेच्या बाबतीत हा समंजसपणा समाजाला सोडून जातो. पुरुषाने 'पुरुषासारखे' नसलेल्या पुरुषाची भूमिका केली आणि ती लोकप्रिय झाली, की ती नटाच्या अंगाला चिकटते. असे का होते, याचा उलगडा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या विषयाचे जगभर चर्चिले गेलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. 21 सप्टेंबर 1998 रोजी एनबीसी वाहिनीवर 'विल अँड ग्रेस' ही विनोदी मालिका सुरू झाली. तिचा नायक विल ट्रुमन हा न्यूयॉर्कमधील समलिंगी वकील. ही भूमिका एरिक मॅकॉर्मॅक या नटाने केली. 2001 साली त्याला तिच्यासाठी विनोदी मालिकेतील सर्वोत्कृष्ट प्रमुख अभिनेत्याचा एमी पुरस्कार मिळाला आणि त्याची कारकीर्द याच भूमिकेने ओळखली जाऊ लागली. हिंगोलीत बसून न्यूयॉर्कच्या मालिकेविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मराठी दूरचित्रवाणीवर त्या तोलाची समलिंगी नायकाची विनोदी मालिका प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. परंतु विनोदासाठी उभा केलेला, चारचौघा पुरुषांहून वेगळा पुरुष आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तो तमाशात आहे आणि त्याचे नाव नाच्या. त्या नाच्याला रुपेरी पडद्यावर अजरामर करणाऱ्या नटाचे नाव गणपत पाटील.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. नाच्या म्हणजे समलिंगी पुरुष नव्हे. समलिंगी म्हणजे ज्याला समान लिंगाच्या व्यक्तीविषयी प्रेम व आकर्षण वाटते तो. तृतीयपंथी हा स्वतःच्या लिंगभावाच्या ओळखीचा प्रश्न आहे, जोगता ही धार्मिक रूढीने दिलेली अवस्था आहे आणि नाच्या ही रंगभूमीवरील एक भूमिका आहे. या चारही गोष्टी निरनिराळ्या असल्या तरी आपल्या गावगाड्यात त्या एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. हे गाठोडे सोडून पाहिल्याशिवाय गणपत पाटलांच्या वाट्याला काय आले, ते समजणार नाही.

नाच्याची पूर्वपीठिका

तमाशात स्त्रिया उभ्या राहू लागल्या त्यापूर्वी स्त्रीचे काम देखणे, कोवळे मुलगेच करीत. त्यांना नाच्या पोऱ्या म्हणत. लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून, कवनाच्या ठेक्यावर नाचणे हे त्याचे काम. म्हणजे त्या काळी फडाचे आकर्षण हा पोऱ्याच होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्त्रिया फडावर येऊ लागल्या. पठ्ठे बापूराव आणि पवळा या जोडीने तर तमाशाचे रूपच पालटले. स्त्रीच प्रत्यक्ष उभी राहिल्यावर स्त्रीवेषातील पुरुषाचे शृंगारिक प्रयोजन संपले. पण तो फडातून गेला नाही. तो विनोदासाठी शिल्लक राहिला. गौळणीत कृष्णाला अडविणाऱ्या गौळणींची म्होरकी 'मावशी' ही पुरुषानेच करावयाची, हा संकेत आजही पाळला जातो. चेहरा पुरुषाचा, हातवारे बाईचे, जिभेला लगाम नाही. बाईला जे बोलता येत नाही ते मावशी बोलते आणि पुरुषाला जे मान्य करता येत नाही त्यावर ती बोट ठेवते.

मराठवाड्यातील वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे आणि उंट यांचा बाजार पाहण्यासाठी गेलेला आमच्या भागातील माणूस रात्री तमाशाच्या तंबूत शिरल्यावाचून परतत नाही. तेथे मावशीच्या प्रवेशाला ज्या शिट्ट्या वाजतात, त्या पुष्कळदा नर्तकीलाही मिळत नाहीत. प्रेक्षकांना ती आवडते, यात शंका नाही. मात्र तंबूबाहेर चहाच्या टपरीवर तोच नट दिसला, तर त्याच्याशी लोक कसे बोलतात, हेही प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. आवडणे आणि मान देणे या दोन गोष्टी येथे एकमेकींपासून फारकत घेतात.

लुगडे तेच, मान निराळा

पुरुषाने स्त्रीवेष घेतला म्हणून त्याची अवहेलना होते, असे एक सोपे उत्तर या प्रश्नाला दिले जाते. ते पुरेसे नाही. कारण याच महाराष्ट्राने नारायण श्रीपाद राजहंस यांना डोक्यावर घेतले. बालगंधर्वांनी 1911 साली 'मानापमान'मधील भामिनी साकारली, 1913 साली गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, 1919 साली 'एकच प्याला'तील सिंधू आली. त्यांची साडी नेसण्याची तऱ्हा, त्यांचे दागिने, केसांतील फुले यांचे अनुकरण कुलीन घरांतील स्त्रियांनी केले. 1964 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. सुबोध भावे यांनी 2011 सालच्या 'बालगंधर्व' चित्रपटात ही भूमिका केली आणि त्या भूमिकेने त्यांना मोठे केले. पुढे लोकमान्य टिळक, काशीनाथ घाणेकर अशा भूमिका त्यांच्याकडे आल्या. त्यांनी शालू नेसला म्हणून त्यांच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहिल्याचे ऐकिवात नाही.

मग फरक कोठे आहे? बालगंधर्व रंगमंचावर संपूर्ण स्त्री होत असत. प्रेक्षकाने तो पुरुष आहे हे विसरावे, हीच त्या कलेची कसोटी. सीमारेषा ओलांडली जाई, पण पुसली जात नसे. प्रेक्षकाला एक आदर्श कुलस्त्री दिसे आणि नाटक संपल्यावर एक मान्यवर पुरुष दिसे. नाच्याचे तसे नाही. तो विसरू देतच नाही. धोतर किंवा पायजमा पुरुषाचा आणि मुरका बाईचा, गळ्यात रुमाल आणि कमरेवर हात. तो रेषेवरच उभा राहतो. समाजाला भीती वाटते ती या रेषेवर उभे राहण्याची, पलीकडे जाण्याची नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हसणे हा त्या भीतीवरचा उतारा असतो.

दुसरा फरक अर्थातच जातीचा आणि वर्गाचा आहे. संगीत नाटक हे पांढरपेशांचे, तिकीट काढून खुर्चीवर बसून पाहण्याचे. तमाशा हा दलित व बहुजन कलावंतांनी जगविलेला, जत्रेत जमिनीवर बसून पाहण्याचा. एकाच्या स्त्रीवेषाला कला म्हटले गेले आणि दुसऱ्याच्या स्त्रीवेषाला सोंग. आपल्या वाङ्मयेतिहासांतही बालगंधर्वांना प्रकरण मिळते आणि नाच्याला फार तर तळटीप.

गणपत पाटील : भूमिका आणि माणूस

गणपत पाटील कोल्हापूरचे. घरची गरिबी, वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले. पोटासाठी मिळेल ती मोलमजुरी त्यांनी केली. त्याच काळात कोल्हापुरात होणाऱ्या रामायणाच्या खेळांत ते सीतेची भूमिका करीत. कोल्हापूर हे तेव्हा मराठी चित्रपटाचे माहेरघर. चित्रपटसृष्टीत त्यांचा शिरकाव पडद्यामागच्या किरकोळ कामांतून आणि लहानसहान भूमिकांतून झाला. या उमेदवारीच्या काळातील भूमिकांत नाच्याचा मागमूस नव्हता, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

वळण आले ते रंगभूमीवर. जयशंकर दानवे यांच्या 'ऐका हो ऐका' या नाटकात त्यांनी नाच्याचे काम केले. ते पाहूनच 'वाघ्या मुरळी' या चित्रपटात त्यांना तशीच भूमिका मिळाली. पुढे 1959 साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' प्रदर्शित झाला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात तो 131 आठवडे चालला. तमाशापटांची लाटच आली. प्रत्येक तमाशापटात एक फड असणार, फडात एक नर्तकी असणार, एक ढोलकीवाला असणार आणि एक नाच्या असणार. हा नाच्या म्हणजे गणपत पाटील हे समीकरण दोन दशके टिकले. 'सवाल माझा ऐका' (1964), 'केला इशारा जाता जाता' (1965), 'सोंगाड्या' (1971) या चित्रपटांनी ते घट्ट केले. 'आत्ता गं बया' हे त्यांचे लाडिक उद्गार महाराष्ट्राच्या तोंडी बसले. एम.फिल.च्या अभ्यासासाठी तमाशापटांची टिपणे काढताना प्रस्तुत लेखकाच्या लक्षात आले, की पुष्कळ चित्रपटांत या पात्राच्या नावाची प्रेक्षकांना आठवणच राहत नाही. पात्र कोणतेही असो, लोक म्हणतात, 'त्यात गणपत पाटील आहे.'

या अभिनयाकडे नीट पाहिले तर त्यातील कसब जाणवते. तमाशाच्या बोर्डावरील मावशी मोठ्याने बोलते, कारण तिला तंबूच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावयाचे असते. कॅमेरा तर नटाच्या तोंडाशी असतो. गणपत पाटलांनी तो भडकपणा पडद्यासाठी लहान केला. मान किंचित कलती, खालचा ओठ चावलेला, शब्दाचा शेवटचा स्वर लांबविलेला, हाताचा पंजा मनगटातून सैल सोडलेला. त्यांचा नाच्या क्वचितच ओंगळ होतो. नर्तकीच्या सुखदुःखात तो सहभागी असतो, तिच्यावर संकट आले की तो कासावीस होतो आणि पुष्कळदा फडातील एकमेव निःस्वार्थी पुरुष तोच असतो. पाटील-सरपंच नर्तकीकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर त्याच्याकडे नाही. म्हणूनच ती त्याच्याजवळ मन मोकळे करते. पटकथेने त्याला विनोदासाठी ठेवले. नटाने त्याला माणूसपण दिले.

आणि नेमके हेच त्यांना भोवले. भूमिका इतकी खरी वाटली, की माणूसच खोटा वाटू लागला. गणपत पाटील विवाहित होते, मुलाबाळांचे गृहस्थ होते. तरीही हा संसार खरा कसा, असे विचारणारे लोक निघाले. रस्त्यात टिंगल झाली. मुलांच्या लग्नकार्याच्या वेळी सोयरिक जुळविताना वडिलांची भूमिका आड आली. ही व्यथा त्यांनी उतारवयात जाहीरपणे बोलून दाखविली. एका मुलाखतीत ती सांगताना त्यांना रडू आवरले नाही. ज्यांनी आयुष्यभर हसविले ते हसविण्याच्या कारणानेच रडले, असे वाक्य त्यांच्याविषयी सर्रास लिहिले जाते. वाक्य टाळ्यांचे आहे, पण त्यात लिहिणारा आपली सुटका करून घेतो. हसणारे कोण होते, हा प्रश्न त्यात येत नाही.

23 मार्च 2008 रोजी त्यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षांत मानसन्मान झाले. पण त्यांच्या भर उमेदीच्या काळात दुसऱ्या प्रकारच्या भूमिका देण्याचे धाडस फारसे कोणी केले नाही. एकाच साच्यात अडकणे हे चरित्र अभिनेत्यांच्या नशिबी असतेच. मात्र इतरांच्या साच्याने त्यांचे घर गाठले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडावयास हवी. गणपत पाटलांवर अन्याय झाला, असे म्हणताना आपण पुष्कळदा असे सुचवितो की 'ते तसे नव्हते, तरीही त्यांना तसे समजले गेले.' मग जे 'तसे' असतात त्यांचे काय? त्यांची टिंगल योग्य ठरते काय? अन्याय समजुतीच्या घोटाळ्याचा नव्हता. तो टिंगलीचाच होता. संसारी गृहस्थाला जी वागणूक क्लेशकारक झाली, तीच वागणूक ज्या मुलाची चाल जन्मतः मऊ आहे त्याला रोज मिळते, आणि त्याच्याकडे 'मी तसा नाही' असे म्हणून सुटण्याची वाटही नसते.

विल ट्रुमनची गोष्ट

आता मॅकॉर्मॅककडे वळू. तोही स्वतः समलिंगी नव्हता. मालिका सुरू झाली तेव्हा तो विवाहित होता. भूमिका 2006 सालापर्यंत चालली आणि 2017 ते 2020 या काळात मालिका पुन्हा आली. तिच्यानंतर त्याला 'परसेप्शन' (2012-15) या मालिकेत मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापकाची भूमिका मिळाली, पुढे 'ट्रॅव्हलर्स' या विज्ञानकथेवरील मालिकेत गुप्तचर संस्थेच्या अधिकाऱ्याची. त्याच्या कारकिर्दीला त्या भूमिकेने बाधा आणली नाही. उलट ती उभी केली.

याचे श्रेय केवळ अमेरिकन समाजाच्या उदारपणाला देणे चुकीचे होईल. तो समाज तेव्हा फार उदार नव्हता. 1997 साली एलन डीजेनरस या अभिनेत्रीने स्वतः आणि तिच्या मालिकेतील पात्राने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. पुढील वर्षी ती मालिका बंद पडली. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत 'विल अँड ग्रेस' आली. तिच्या कर्त्यांनी खबरदारी घेतली. विल ट्रुमन हा नीटनेटका, सुशिक्षित, कमावता वकील. त्याच्या चालण्याबोलण्यात प्रेक्षकाने हसावे असे वेगळे काही नाही. ते सारे त्याच्या मित्राकडे, जॅककडे सोपविले. जॅक नाचतो, मुरडतो, नाटकी बोलतो. ही भूमिका शॉन हेज याने केली आणि 2000 साली त्याला सहायक अभिनेत्याचा एमी मिळाला. म्हणजे पाहा, नाच्या तेथेही आहेच. फरक इतकाच की त्याच्या शेजारी एक नायकही आहे, आणि प्रेक्षकाला कळते की समलिंगी पुरुष असाही असतो आणि तसाही असतो. हेज हा वास्तवात समलिंगी होता, पण ते त्याने जाहीरपणे सांगितले ते 2010 साली, मालिका संपल्यानंतर. विवाहित नटाला जी मोकळीक होती ती त्याला नव्हती. उदारपणाच्याही मर्यादा असतात त्या अशा.

तरीही परिणाम झाला. मे 2012 मध्ये अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष जो बायडन यांनी समलिंगी विवाहाला अनुकूल मत मांडताना लोकशिक्षणाच्या कामी या मालिकेचा वाटा फार मोठा असल्याचे सांगितले. आठवड्याला एकदा घरात येणारे पात्र हळूहळू ओळखीचे होते आणि ओळखीच्या माणसाचा द्वेष करणे कठीण जाते. गणपत पाटीलही वीस वर्षे ओळखीचे होते. मात्र त्यांच्या पात्राला स्वतःचे घर, स्वतःचे प्रेम, स्वतःचे दुःख पटकथेने कधी दिले नाही. तो कायम दुसऱ्याच्या गोष्टीत उभा राहिला. नुसत्या ओळखीने भागत नाही. गोष्टही द्यावी लागते.

'जोगवा' आणि 'नटरंग'

मराठी चित्रपटाने ही गोष्ट दिली ती पुष्कळ उशिरा, आणि तीही अर्धीच. राजीव पाटील दिग्दर्शित 'जोगवा' (2009) मध्ये उपेंद्र लिमये यांनी देवीला सोडलेल्या तायप्पाची भूमिका केली. लुगडे नेसलेला, हातात परडी घेतलेला हा जोगता येथे चित्रपटाचा नायक आहे. या भूमिकेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लगोलग 1 जानेवारी 2010 रोजी रवी जाधव यांचा 'नटरंग' प्रदर्शित झाला. आनंद यादव यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी गुणा कागलकर उभा केला. पीळदार शरीराचा, राजाची भूमिका करण्याचे स्वप्न पाहणारा शेतमजूर; फड उभा राहावा म्हणून, दुसरे कोणी तयार होत नाही म्हणून, तो नाच्या होतो. पहिलवानाचे शरीर कमावून ते पुन्हा उतरविण्याचे जे कष्ट नटाने घेतले, त्यांची बरीच चर्चा झाली. प्रस्तुत लेखकाला मात्र त्यातील आवाजाचा बदल अधिक लक्षणीय वाटतो. नाच्या साकारता साकारता गुणाच्या रोजच्या बोलण्यात एक हळुवारपणा येत जातो आणि आपल्याला काय होते आहे ते त्यालाही उमगत नाही. घर दुरावते, गाव दुरावते, आणि राजकीय वैरातून त्याच्यावर जो लैंगिक अत्याचार होतो, तो 'याच्यावर केला तर कोण विचारणार' या खात्रीने होतो. तमाशापटांनी ज्याला हसून घेतले, त्याच्या हसण्यामागचा हा काळोख 'नटरंग'ने प्रथमच इतक्या स्पष्टपणे दाखविला. गणपत पाटलांना तो पाहावयास मिळाला नाही. पावणेदोन वर्षांची चुकामूक झाली.

परंतु दोन्ही चित्रपटांत एक समान तडजोड आहे. तायप्पा 'मूळचा पुरुष' आहे. तो एका स्त्रीवर, सुलीवर, प्रेम करतो. गुणाही 'मूळचा पुरुष' आहे. त्याला बायको आहे, मुलगा आहे. प्रेक्षकाची सहानुभूती मिळते ती या आश्वासनावर. हा बिचारा तसा नाही, परिस्थितीने त्याच्यावर लुगडे लादले, असे म्हणून आपण डोळे पुसतो. दोन्ही कलाकृती मोठ्या आहेत याविषयी दुमत नाही, पण समलिंगी पुरुष नायक म्हणून त्यांत नाही, हेही नमूद करावे लागेल.

आश्चर्य असे, की ते धाडस रंगभूमीने स्त्रीपात्राच्या बाबतीत फार आधी केले होते. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' 1981 साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात सुमित्रा ऊर्फ मित्रा ही समलिंगी तरुणी साकारली. तेथे कोणतेही आश्वासन नाही. मित्रा जशी आहे तशी आहे. रवी जाधव यांनी याच कथाबीजावर 'मित्रा' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ('नटरंग', 'बालगंधर्व', 'मित्रा' आणि 2023 सालची हिंदी मालिका 'ताली' ही चारही कामे एकाच दिग्दर्शकाची असावीत, हा योगायोग नसावा. त्यावर स्वतंत्र लेख होऊ शकेल.) कादंबरीत सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्ल्यू' 2006 साली आली, तिच्यात एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडलेले भाऊ आणि बहीण आहेत. ती पडद्यावर आली 2022 साली, पण हिंदीतून. मराठी कादंबरीला मराठी पडदा मिळाला नाही, हे पुरेसे बोलके आहे.

कायदा आणि वसतिगृह

कायद्याची वाट या काळात वळणावळणाने पुढे गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते कलम 377 रद्दबातल ठरविले, सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 रोजी तो निर्णय फिरविला, 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली आणि अखेर 6 सप्टेंबर 2018 रोजी संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. ऑक्टोबर 2023 मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास मात्र न्यायालयाने नकार दिला. हे सारे आमच्या वर्गात शिकवून होते. विद्यार्थी कलमाचा क्रमांक आणि निकालाचे वर्ष पाठ करतात. स्पर्धा परीक्षेत त्यावर प्रश्न येतो.

वसतिगृहात निराळा अभ्यासक्रम चालतो. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी, हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला त्या 1999 सालाच्या आसपास, शाळेत एका मऊ बोलणाऱ्या मुलाला सगळे 'गणपत पाटील' म्हणत. त्याचे खरे नाव गुरुजींनाही हजेरी घेतानाच आठवे. आम्ही कोणीही तेव्हा गणपत पाटलांचा एकही चित्रपट पाहिलेला नव्हता. नटाचे नाव चित्रपटाच्या आधी येऊन पोहोचले होते, शिवी होऊन.

काही वर्षांपूर्वी युवक महोत्सवासाठी आमच्या महाविद्यालयाने एक वग बसविला. मावशीच्या भूमिकेसाठी एक विद्यार्थी निवडला. निवड प्रस्तुत लेखकाचीच. मुलगा शेतकरी कुटुंबातला, अंगात लय, संवादाची उत्तम समज. तो आधी नाही म्हणाला. त्याला 'कला ही कला असते' असे सांगून तयार केले. बालगंधर्वांचे उदाहरण दिले. प्रयोग रंगला, पारितोषिक मिळाले, परीक्षकांनी त्याचे नाव घेऊन कौतुक केले. दुसऱ्या दिवशी तो खोलीवर आला आणि म्हणाला, "सर, माझा फोटो वार्षिकांकात घेऊ नका." कारण विचारले तेव्हा तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "गावात अंक जातो, सर. बहिणीचं जमवायचं चाललंय."

प्रस्तुत लेखकाने त्याला पुन्हा समजाविले आणि छायाचित्र अंकात गेले, नावासह. पारितोषिक मिळविणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव गाळणे हाच अन्याय होईल, असे तेव्हा मनापासून वाटले होते. पुढील वर्षी त्याने महोत्सवात भाग घेतला नाही. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसू लागला आणि आंतरवासितेची सही घेण्यापलीकडे खोलीवर येईनासा झाला. गणपत पाटलांवर टिपणे काढणाऱ्या, सोयरिकीचा तो प्रसंग वर्गात रंगवून सांगणाऱ्या माणसाला त्या मुलाचे वाक्य ऐकू येऊनही समजले नव्हते.

यंदाच्या वगाची जुळवाजुळव सुरू झाली आहे. मावशीसाठी दोन मुले स्वतःहून पुढे आली आहेत. छायाचित्र अंकात घ्यावयाचे की नाही, हे या वेळी त्यांना आधी विचारले आहे. एकाने हो म्हटले. दुसऱ्याने घरी विचारून सांगतो म्हटले आहे.